कोनाड्यांतला व्यापार

घरबसल्या कांहींतरी उद्योग करून चार पैसे मिळवावे, अशी इच्छा दर्शविणारीं पत्रें आमच्याकडे पूर्वींहि येत असत. अलीकडे तीं फार येऊं लागलीं आहेत. बहुतेकांचा सूर एकच असतो. घरांत हात आहेत, हातांत कसब आहे, दुपारचा वेळ मोकळा आहे. पहिल्या दिवाळींत ओळखीच्या मंडळींनीं कौतुक करून माल नेला, पण पुढें गिऱ्हाईक कांहीं वाढेना. मग प्रश्न येतो कीं, "आणखी कोणते पदार्थ करावे?" विदर्भांतल्या एका गृहस्थांनीं तर आपल्या सुनेनें छापून घेतलेली यादीच आम्हांला पाठविली. तींत चकलीपासून चॉकलेटापर्यंत बेचाळीस जिन्नस आहेत, आणि शेवटीं ‘मागणीप्रमाणें इतर पदार्थहि करून मिळतील’ असें आश्वासन आहे. आमच्या मतें त्या घराचें दुखणें या यादींतच आहे, आणि त्याविषयींच आज लिहावयाचें आहे.

व्यापारशास्त्राच्या हल्लींच्या पुस्तकांत या विषयाला ‘निश मार्केटिंग’ असें नांव आहे. शब्द परका असला तरी वस्तु परकी नाहीं. ‘निश’ म्हणजे मूळचा भिंतींतला कोनाडा. आमच्या जुन्या वाड्यांतून जाड भिंतींत ठिकठिकाणीं कोनाडे असत. त्यांत पलंग मावत नसे. परंतु पणती ठेवली तर ती वाऱ्यानें विझत नसे. ज्या जागेकडे मोठ्या व्यापाऱ्याचें लक्ष जात नाहीं, किंवा लक्ष गेलें तरी जेथें त्याचा अवजड देह शिरत नाहीं, अशी जागा शोधून तेथें आपली पणती लावावी, एवढाच त्या शास्त्राचा अर्थ.

परंतु कोनाडा शोधण्यापूर्वीं एक अडसर दूर करणें अवश्य आहे. आमच्या वर्गांत विकण्याची लाज अजून पुरती गेलेली नाहीं. नोकरी करून पगार आणणें प्रतिष्ठेचें, पण दारांत आलेल्या माणसास वस्तु देऊन हातावर पैसे घेणें कमीपणाचें, अशी एक अढी मनांत खोल बसलेली असते. तिचें मूळ जुनें आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत आपत्काळीं ब्राह्मणास वैश्यवृत्तीनें निर्वाह करण्याची मोकळीक दिली आहे. पण तेव्हांहि कांहीं वस्तु विकूं नयेत म्हणून बजाविलें आहे, आणि त्या वस्तूंत तीळ व मीठ यांबरोबर शिजविलेलें अन्नहि आहे. या न्यायानें संक्रांतीला तिळाच्या वड्या विकणाऱ्या आमच्या भगिनींस दुहेरी दोष लागावयाचा! तथापि त्याच समाजांत, पुण्यासारख्या विद्येच्या ठिकाणीं, परगांवच्या विद्यार्थ्यांना जेवूं घालून कित्येक विधवांनीं आपलीं मुलें शिकविलीं. त्यांच्या हातचें अन्न खाऊन जे वकील, डॉक्टर व प्राध्यापक झाले, त्यांनीं कधीं स्मृतिवचन काढून दाखविल्याचें ऐकिवांत नाहीं.

जुनाच आधार पाहिजे असेल तर कौटिल्याचा घ्यावा. अर्थशास्त्रांत सूत्राध्यक्षाचें प्रकरण आहे. विधवा, अपंग स्त्रिया, वृद्ध दासी इत्यादिकांकडून सूत कातवून घ्यावें; ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहींत त्यांच्याकडे सूत्राध्यक्षानें आपल्या दासी पाठवून काम पोंचवावें; ज्या स्वतः सूत्रशाळेंत येतील त्यांचा माल पहांटे घेऊन मोबदला द्यावा; दिवा असावा तो सूत पारखण्यापुरता; बाईच्या तोंडाकडे पाहिल्यास अथवा कामाशिवाय दुसरें बोलल्यास दंड; आणि वेतन देण्यास विलंब लावल्यासहि दंड. वेतन ठरवावयाचें तें सूत तलम, मध्यम कीं जाडें हें पाहून. आम्हांला यांतली ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. बाई किती गरजू आहे अगर कोणाच्या घरची आहे यावर दर नाहीं, सुतावर आहे. घरगुती उद्योगाचें घोडें पुष्कळदां येथेंच अडतें. ‘बिचारी घरीं बसून करते, घेऊं या तिच्याकडून’ म्हणून घेतलेला माल एकदां घेतला जातो, दुसऱ्यांदा नाहीं.

आतां मूळ मुद्याकडे वळूं. चकली, चिवडा, शेव, शंकरपाळे हे पदार्थ घरीं उत्तम होतात, यांत शंका नाहीं. पण हे पदार्थ मोठा कारखानदारहि करतो. तो डाळ पोत्यांनीं घेतो, तेल पिंपांनीं घेतो, आणि त्याचें यंत्र दमत नाहीं. त्याच्याशीं भावांत झुंज घेणें म्हणजे आपल्या दुपारच्या झोंपेची व पाठीच्या कण्याची किंमत शून्य धरणें होय. म्हणून ‘आपल्याला काय काय येतें’ या प्रश्नानें आरंभ करूं नये. ‘कोणत्या घरीं, कोणत्या दिवशीं, कोणत्या वस्तूसाठीं अडतें, आणि ती वस्तु बाजारांत कां मिळत नाहीं’ हा प्रश्न आधीं विचारावा.

एक उदाहरण जरा विस्तारानें घेऊं, कारण त्यांत या शास्त्राचीं बहुतेक सूत्रें येऊन जातात. तें अनारशांचें.

अधिक महिन्यांत जांवयास अनारशांचें वाण देण्याची चाल आमच्या घरांतून अद्याप आहे. अनारसे द्यावयाचे ते ३३. एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात, म्हणजे सरासरीनें साडेबत्तीस महिन्यांनीं एक. २०२३ सालचा अधिक श्रावण आणि २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ हीं ताजीं उदाहरणें. त्यापुढचा अधिक मास २०२९ सालीं चैत्राचा. आपल्या मालाला मागणी केव्हां येणार हें तीन तीन वर्षें आधीं छापून ठेवणारें पंचांग ज्या धंद्याला मिळालें आहे, असा दुसरा धंदा आम्हांला तरी माहीत नाहीं.

ही मागणी मोठ्या कारखानदारास न परवडणारी आहे. तीन वर्षांतून एक महिना चालणाऱ्या पदार्थासाठीं तो यंत्र बसविणार नाहीं. आणि घरोघरच्या लेकींना व सुनांना तो पदार्थ करतां येईनासा झाला आहे, कारण तो वेळ मागतो. जुना तांदूळ तीन दिवस भिजवावयाचा, रोज पाणी बदलावयाचें. मग उपसून फडक्यावर सावलींत सुकवावयाचा, अंगांत किंचित् ओल असतांनाच कुटून किंवा दळून चाळावयाचा. बरोबरीनें चिरलेला गूळ आणि थोडें तूप घालून गोळा दाबून भरून ठेवावयाचा. कांहीं दिवस मुरल्यावर मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आंचेवर तुपांत तळावयाचा. उलटावयाचा नाहीं, झाऱ्यानें वरून तूप उडवावयाचें. एवढें करूनहि गूळ जास्त झाला, पीठ सैल झालें, तर अनारसा तुपांत पडतांच विरघळून पसरतो. त्याला आमच्या बायका ‘अनारसा हसला’ म्हणतात. हसतो तो अनारसा. करणारीच्या डोळ्यांत मात्र पाणी असतें. नोकरीवर जाणाऱ्या मुलीनें सहा दिवस खपावें आणि सातव्या दिवशीं अनारशानें हसावें, यापेक्षां ती आनंदानें तयार वाण विकत घेईल.

येथें आणखी एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अनारशाचें गिऱ्हाईक एक नाहीं, दोन आहेत. एकीला तयार ३३ अनारसे नीट रचलेल्या डब्यांत हवे असतात. दुसरीला तळण्याचा अभिमान आहे. जांवयाला आपल्या हातचे अनारसे घालावे अशी तिची इच्छा असते, पण तांदूळ भिजविण्या-दळण्याचा खटाटोप नको असतो. तिला मुरलेलें पीठच पाहिजे. पीठ टिकतें, पाठविण्यास सोपें, वाटेंत मोडत नाहीं. पण त्याबरोबर एका चिठीवर तें सैल वाटल्यास काय करावें, घट्ट झाल्यास दुधाचा हबका द्यावा कीं केळें कुस्करून घालावें, आंच किती ठेवावी, हें सविस्तर लिहून द्यावें लागतें. कारण तिच्या घरीं अनारसा हसला तर दोष पिठाला येणार. एकाच कोनाड्यांत अशा दोन पणत्या राहतात. जी बाई दोघींना एकच डबा पुढें करते, तिचीं दोन्ही गिऱ्हाईकें अर्धीं अर्धीं नाराज होतात.

अनारशाच्या पिठावर मग मधलीं दोन-अडीच वर्षें काय करावयाचें, हा प्रश्न रास्त आहे. दिवाळी दरसालची आहे. आणि ज्यांनीं अधिकांत पीठ नेलें त्यांचे पत्ते वहींत असतील तर दिवाळीपूर्वीं त्यांनाच आधीं विचारावें. वहीविषयीं आम्ही मागेंहि लिहिलें आहे.

असे दुसरेहि कोनाडे आहेत. लक्ष वातींचें व्रत करणाऱ्या वृद्ध स्त्रिया अजून आहेत; एक लक्ष वाती स्वतः वळण्याइतकी बोटांत शक्ति आणि डोळ्यांत दृष्टि राहिलेली नसते. हातानें वळलेली, मोजून बांधलेली, स्वच्छ जागेंत केलेली वात त्यांना हवी असते, आणि संख्येविषयीं खात्री हवी असते. येथें विकावयाचा आहे तो कापूस नव्हे, विश्वास. बाळंतिणीसाठीं डिंकाचे व हळिवाचे लाडू, बाळंतशेपा, बाळाचें अंगडें-टोपडें-दुपटें, हा आणखी एक कोनाडा. येथें गमतीची गोष्ट अशी कीं, खाणारी एक, पैसे देणारी दुसरी. आई कोल्हापुरास, लेक बंगळुरास. आईचे गुडघे दुखतात, आणि आपण कांहीं केलें नाहीं ही खंतहि दुखते. तिला लाडवाबरोबर तिच्या घरची रीत सांभाळणारें माणूस हवें असतें. कोणाकडे डिंकाच्या लाडवांत खारीक अधिक, कोणाकडे मेथी चालत नाहीं, कोणाकडे गूळच पाहिजे. कारखाना हें ऐकून घेत नाहीं. घरची बाई ऐकून घेऊं शकते, आणि ऐकून घेण्याचे पैसे लावूं शकते. उकडीच्या मोदकांचें तर सांगावयासच नको; तो पदार्थ त्या दिवशीं त्या वेळींच खावयाचा, त्यामुळें दूरच्या कारखान्यास तो साधतच नाहीं.

गिऱ्हाइकाला आपली वार्ता कशी पोंचवावी? कोनाडा लहान असला कीं डंका पिटावा लागत नाहीं. अधिक मासाचें वाण सांगणारे पुरोहित, बाळंतिणीस व बाळास तेल लावणाऱ्या बाया, व्रतांच्या उद्यापनाला जमणारीं भजनी मंडळें, अशा दहा-वीस माणसांना ठाऊक झालें म्हणजे पुरें. हल्लीं भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपनें हें काम फार सोपें केलें आहे. मात्र तेथें रोज सकाळीं फुलांच्या चित्रासह सुप्रभात व त्याखालीं चिवड्याचा भाव अशी जी पद्धति पडली आहे, ती आम्हांला रुचत नाहीं. ज्याला गरज नाहीं त्याला रोज सांगितल्यानें गरज उत्पन्न होत नाहीं. कंटाळा मात्र होतो. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनीं अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वयें नोंदणी करून घ्यावी व तो चौदा आंकडी क्रमांक वेष्टनावर घालावा. घरच्या स्वयंपाकघरांत केलेला माल म्हणून त्यांतून सुटका नाहीं.

एकाच वस्तूवर चिकटून राहण्याचें सामर्थ्य पहावयाचें असेल तर ‘लिज्जत’चा इतिहास पहावा. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईस गिरगांवांतल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या आणि त्यांनीं पापडांचीं चार पाकिटें तयार केलीं. भांडवल ८० रुपये, तेंहि छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकाकडून उसनें घेतलेलें. आरंभीं त्यांनीं दोन प्रतींचे पापड केले, एक उत्तम आणि एक स्वस्तांतला. पारेख यांनीं त्यांस सांगितलें कीं, एकच उत्तम प्रत ठेवा, तींत तडजोड करूं नका. पहिल्या वर्षीं पावसाळ्यांत पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावें लागलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले, खालीं स्टोव्ह ठेवला, आणि पावसाचा प्रश्न सुटला. मोडके पापड शेजाऱ्यापाजाऱ्यांत वांटून टाकीत. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची झाली. बायका वाढल्या, गच्ची पुरेना, तेव्हां भिजविलेलें पीठ घरीं नेऊन लाटावें व लाटलेले पापड आणून वजन करून द्यावे, अशी रीति पडली. पुढें त्या संस्थेनें इतर पदार्थहि काढले. पण तें पापडानें पाय रोवून दिल्यावर. त्या सात जणींपैकीं जसवंतीबेन जमनादास पोपट यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली.

मोडक्या पापडांच्या गोष्टीकडे आम्ही वाचकभगिनींचें विशेष लक्ष वेधतों. आमच्या घरांतून नेमकें उलटें होतें. चांगला माल आप्तेष्टांना ‘पैसे कसे घ्यायचे’ म्हणून फुकट जातो, आणि राहिलेला गिऱ्हाइकाकडे. नणंदेच्या घरीं जरूर पाठवावें. पण तें वहींत आहेराच्या सदराखालीं लिहावें, विक्रीच्या नव्हे.

शाईचेंहि उदाहरण आम्हां मास्तरांच्या जिव्हाळ्याचें आहे. १९३१ सालीं दिगंबर परशुराम दांडेकर यांनीं मुंबईंत ‘हॉर्स ब्रँड’ या नांवानें शाईची पूड व गोळ्या करून विकण्यास आरंभ केला. बाजारांत विलायती शाई होतीच. पण पोराच्या हातीं महाग बाटली कोण देणार? पाण्यांत विरघळवून दौत भरावी अशी स्वस्त गोळी, हा शाळकरी मुलांचा कोनाडा होता. त्यांतूनच पुढें ‘कॅमलिन’ उभें राहिलें.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे; नाहींतर आम्ही एकांगी लिहिलें असें होईल. कोनाडा ज्या भिंतींत असतो ती भिंतच पडली तर काय?

मुंबईंत कापडाची पहिली गिरणी १८५६ सालीं सुरू झाली. पुढें रत्नागिरी, सातारा वगैरे जिल्ह्यांतून हजारों पुरुष बायकामुलांना गांवीं ठेवून गिरणगांवांत येऊन राहिले. त्यांना जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया, हा घरगुती धंद्याचा अस्सल नमुना. दहा बाय दहाच्या खोलींत दहा-पंधरा माणसांचें जेवण रांधावयाचें. पाळीप्रमाणें डबा भरावयाचा. आपल्या मुलखाकडची चव राखावयाची. कोंकणच्या माणसाला नारळ लावलेली आमटी, घाटावरच्याला भाकरी व झणझणीत कालवण. पैसे महिन्याअखेर, तोंवर वाण्याची उधारी आणि सावकाराचें व्याज. गोवामुक्तीच्या लढ्यांत भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें, हें त्यांचें मोठें कार्य होय. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. पगार थांबले, खाणावळींचे पैसे थांबले. कित्येक माणसें गांवीं परतलीं तीं पुनः आलींच नाहींत, आणि पुढें गिरण्याहि एकामागून एक बंद झाल्या. त्या बायकांच्या हातची चव बिघडली नव्हती, हिशेब चुकला नव्हता, सचोटी ढळली नव्हती. खाणारेच उरले नाहींत. मंडळाला पुढें कचेऱ्यांना व समारंभांना जेवण पुरविण्यासारख्या कामांकडे वळावें लागलें.

तेव्हां ज्या भगिनींची सारी विक्री एकाच वसतिगृहावर, एकाच कचेरीवर किंवा एकाच दुकानदारावर अवलंबून आहे, त्यांनीं धंदा तेजींत असतांनाच दुसरा कोनाडा पाहून ठेवावा. बेचाळीस नकोत, दुसरा एक पुरे. पहिल्याच्या शेजारचा असेल तर उत्तम, म्हणजे भांडीं व हात तेच राहतात.

किंमत कशी ठरवावी हा प्रश्न आम्हांला सर्वांत अधिक विचारला जातो, आणि त्याचें उत्तर त्रैराशिकापलीकडचें नाहीं. मानूं या कीं, ३३ अनारशांच्या एका वाणास तांदूळ, गूळ, तूप, खसखस मिळून ३५० रुपये लागले. दळण, गॅस व डबा मिळून ५०. बहुतेक घरांत हिशेब येथेंच थांबतो. ‘चारशें पडले, पांचशें घेऊं, शंभर सुटले.’ आतां दहा वाणें करण्यास सहा दिवसांत मिळून वीस तास गेले असें धरा, आणि तासाला अवघे ८० रुपये लावा. ते झाले १,६००, म्हणजे दर वाणास १६०. एकूण ५६०. दहा वाणांचे ५,६००. त्यांतलें एक वाण हसलें, मोडलें, वायां गेलें. विकावयास नऊ राहिलीं. ५,६०० भागिले ९, म्हणजे सुमारें ६२२ रुपये. पांचशें रुपयांस विकणाऱ्या बाईस दर डब्यामागें शंभर सुटत नसून १२२ रुपये पदरचे जात आहेत. ते दिसत नाहींत, कारण ते रुपयांत जात नाहींत. झोंपेंत, डोळ्यांत आणि मनगटांत जातात. यावर कोणी म्हणेल कीं, सातशें रुपयांस कोण घेईल? ज्याला ३३ अनारसे उद्यां सकाळीं हवेच आहेत तो घेईल. चिवडा घेणारा मात्र घेणार नाहीं, आणि म्हणूनच चिवडा विकूं नये असें आम्ही वर म्हटलें.

राहिला एक नाजुक प्रश्न. तो पत्रांत क्वचितच उघड असतो, पण ओळींच्या मध्यें दिसतो. एकत्र कुटुंबांत हा पैसा कोणाचा?

मनूनें भार्या, पुत्र व दास या तिघांना धनहीन म्हटलें आहे. तीं जें मिळवितील तें ज्यांचीं तीं असतील त्यांचें. कात्यायनानेंहि स्त्रीनें शिल्पानें मिळविलेल्या धनावर पतीचें स्वामित्व सांगितलें. आज कायदा तसा नाहीं. हिंदु वारसा कायदा, १९५६ याच्या चौदाव्या कलमाप्रमाणें हिंदु स्त्रीनें स्वतःच्या कौशल्यानें वा श्रमानें मिळविलेल्या मालमत्तेची ती पूर्ण स्वामिनी आहे. पण कायदा एक आणि माजघर दुसरें. कृति सासूबाईंची, मेहनत सुनेची, पहिले पैसे सासऱ्यांच्या निवृत्तिवेतनांतले, भ्रमणध्वनीवर हिशेब ठेवणारा नातू, आणि गॅस सर्वांचा. पहिल्या वर्षीं कोणी विचारीत नाहीं. तिसऱ्या वर्षीं विक्री लाखावर गेली कीं धाकटी जाऊ म्हणते, "मीहि लाडू वळले." आम्ही अशीं दोन घरें पाहिलीं आहेत, जेथें वेगळी चूल मांडण्याचें निमित्त शेत नव्हतें, घर नव्हतें, मेतकुटाच्या बरण्या होत्या.

म्हणून पहिल्या घाण्याआधींच वडील मंडळींच्या समक्ष एक कागद करावा. सासऱ्यांनीं दिलेली रक्कम ती देणगी कीं उसनी, आणि उसनी असल्यास केव्हां फेडावयाची. गॅस, वीज व जागा यांबद्दल घरखात्यांत दरमहा काय जमा करावयाचें. ज्या जावा-नणंदा काम करतील त्यांना तासाप्रमाणें मजुरी, मग ती पाहुणी म्हणून आलेली नणंद कां असेना. सासूबाईंच्या कृतीबद्दल विक्रीचा ठराविक वांटा, तोहि त्यांच्या स्वतःच्या खात्यांत, मुलाच्या नव्हे. आणि उरलेलें जिच्या नांवें नोंदणी आहे तिच्या एकटीच्या नांवाच्या बँकखात्यांत. कागदावर सर्वांनीं सह्या कराव्या. सासूबाईंना लिहितां येत असून ‘माझी कशाला, मी घरचीच’ असें त्या म्हणाल्या, तरी त्यांची सही सर्वांत आधीं घ्यावी.